रॉक कॉन्सर्ट : मंचावरचा आवाज, मंचासमोरची गर्दी आणि शहराचे नियम

संदर्भ लेख

भारतातील मोठ्या शहरांमध्ये रॉक संगीताचे जाहीर कार्यक्रम आता नवलाईचे राहिलेले नाहीत. नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम, मुंबईतील महालक्ष्मी रेसकोर्स, बंगळुरूचे पॅलेस ग्राउंड्स, अहमदाबादचे नरेंद्र मोदी स्टेडियम या ठिकाणी जगातील नामांकित वाद्यवृंदांचे कार्यक्रम झाले आहेत. त्याच वेळी कोलकाता, शिलाँग, पुणे, दिल्ली, कोची आदी शहरांतील दोन-तीनशे श्रोत्यांच्या लहान सभागृहांत दर आठवड्याला स्थानिक वाद्यवृंद मंचावर येत असतात. पहिल्यांदा अशा कार्यक्रमाला जाणारा तरुण आणि त्याला परवानगी देताना काळजीत पडलेले पालक या दोघांनाही काही मूलभूत प्रश्न असतात. हा आवाज एवढा मोठा का असतो? त्याने कानाला इजा होते का? एवढ्या गर्दीत सुरक्षितता कोणाच्या हाती असते? रात्री दहा वाजता कार्यक्रम का थांबतो? या प्रश्नांची उत्तरे संगीताइतकीच विज्ञान, कायदा आणि नगरव्यवस्था यांच्याशी निगडित आहेत.

बैठक आणि कॉन्सर्ट

शास्त्रीय संगीताच्या बैठकीत श्रोता बसून ऐकतो आणि दाद शब्दांनी वा मानेच्या हालचालीने देतो. रॉक कॉन्सर्टमध्ये श्रोता बहुधा उभा असतो आणि दाद संपूर्ण शरीराने देतो. इलेक्ट्रिक गिटार, बेस गिटार, ड्रम-संच आणि गायक हा या वाद्यवृंदाचा गाभा. त्याला कधी की-बोर्डची, तर भारतात कधी तबला, मृदंग वा बासरीची जोड मिळते. इलेक्ट्रिक गिटारच्या तारेखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. धातूची तार कंप पावली की वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवून ध्वनिक्षेपकाकडे पाठवतो. अ‍ॅम्प्लिफायरवर मर्यादेपलीकडे भार दिल्यास ध्वनी फाटतो. इतर संगीतात दोष मानला जाणारा हा फाटका ध्वनीच रॉक संगीताने आपली ओळख म्हणून स्वीकारला. त्यामुळे या संगीतात आवाजाची तीव्रता हा केवळ ऐकू येण्याचा प्रश्न नसून तो रचनेचाच एक भाग आहे.

कार्यक्रमाचा क्रमही ठरलेला असतो. दुपारी ध्वनिचाचणी होते. दारे उघडल्यानंतर तास-दीड तासाने प्रारंभीचा, बहुधा स्थानिक वा नवोदित वाद्यवृंद अर्धा-पाऊण तास वाजवतो. त्यानंतर मंचावरील वाद्ये बदलण्यासाठी मध्यंतर असते आणि मग मुख्य वाद्यवृंद येतो. कलाकारांनी निरोप घेतल्यानंतर श्रोत्यांच्या आग्रहावरून पुन्हा मंचावर येऊन दोन-तीन गीते सादर करण्याची प्रथा आहे. हा आग्रह आता संकेतापुरता उरला असून ती गीते बहुतेक वेळा कार्यक्रमपत्रिकेत आधीच धरलेली असतात. प्रारंभीच्या वाद्यवृंदाला वगळून उशिरा येणारे श्रोते पुष्कळ असतात. परंतु उद्याचे नाव ऐकण्याची संधी तिथेच असते. २००७ साली बंगळुरूत ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश वाद्यवृंदापूर्वी दिल्लीच्या ‘परिक्रमा’ने वाजवले आणि त्याच वर्षी ‘परिक्रमा’ इंग्लंडमधील ‘डाउनलोड’ महोत्सवातही सादर झाला.

भारतातील वाटचाल

भारतात रॉक संगीत परदेशी दौऱ्यांच्या आधीपासून रुजलेले होते. साठच्या दशकाच्या अखेरीस एका सिगारेट उत्पादनाच्या प्रायोजकत्वाखाली ‘सिमला बीट’ ही स्पर्धा भरू लागली आणि तिच्यातील वाद्यवृंदांच्या गीतांच्या १९७० आणि १९७१ सालच्या ध्वनिमुद्रिका आजही संग्राहकांमध्ये मागणीत आहेत. १९७१ साली लोणावळ्याजवळील मळवली येथे ‘स्नेहयात्रा’ हा खुल्या मैदानावरचा संगीत महोत्सव झाला. १९७२ मध्ये ‘लेड झेपेलिन’चे रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज यांनी कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’ या लहानशा डिस्कोथेकमध्ये अचानक वाजवल्याची आठवण मुंबईच्या संगीतविश्वात दंतकथेसारखी सांगितली जाते.

शिलाँगमध्ये गायक लू माजाव १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी अमेरिकी गीतकार बॉब डिलन यांचा जन्मदिवस संगीताने साजरा करीत आले आहेत. कोलकात्यात १९७५ च्या सुमारास ‘मोहिनेर घोडागुलि’ने बंगाली भाषेत रॉक आणि लोकसंगीत यांचा संगम घडवला, त्याच शहरात पुढे ‘फॉसिल्स’ने बंगाली रॉकला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ उभा राहिला आणि नंतर ‘इंडस क्रीड’ या नावाने ओळखला गेला. दिल्लीत १९९० च्या सुमारास ‘इंडियन ओशन’ने भारतीय लय आणि लोकगीते यांना रॉकच्या चौकटीत आणले. केरळमधील ‘अवियल’ने मल्याळम् भाषेत, तर दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ने पंजाबी ढोल आणि हिंदी शब्दांसह हेवी मेटल जगापुढे नेले, २०१९ साली त्यांनी जर्मनीतील ‘वाकेन’ महोत्सवात हजेरी लावली. १९९३ साली अलाहाबादहून निघू लागलेल्या ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ या नियतकालिकाने या विखुरलेल्या वर्तुळांना परस्परांची ओळख करून दिली. महाविद्यालयीन महोत्सवांचा वाटाही मोठा आहे. आयआयटी मुंबईच्या ‘मूड इंडिगो’सारख्या उत्सवांतील स्पर्धांमधून अनेक वाद्यवृंदांना पहिला मोठा मंच मिळाला.

परदेशी वाद्यवृंदांच्या दौऱ्यांना ऐंशीच्या दशकात आरंभ झाला. ब्रिटनचा ‘द पोलीस’ मार्च १९८० मध्ये मुंबईत वाजवून गेला. ३० सप्टेंबर १९८८ रोजी नवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये मानवी हक्कांसाठीच्या जागतिक दौऱ्याचा कार्यक्रम झाला. त्यात ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन आणि सेनेगलचे यूसू एन्दूर सहभागी होते. एप्रिल २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ बंगळुरू आणि मुंबईत आले. २००७ साली ‘स्कॉर्पियन्स’ शिलाँगला गेले. १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईत ‘यू टू’च्या मंचावर ए. आर. रहमान यांनीही गायन केले. जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ने नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादेत दोन कार्यक्रम सादर केले.

रंगभवनाची कथा

शहर आणि रॉक संगीत यांचे नाते समजून घेण्यासाठी मुंबईतील रंगभवनाचे उदाहरण बोलके आहे. धोबीतलाव परिसरात, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी असलेले हे खुले नाट्यगृह. येथे नाटके आणि संगीताचे कार्यक्रम होत. १९७८ साली सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाने जगभरातील जॅझ कलाकार येथे आणले. १९८६ साली सुरू झालेल्या, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणाऱ्या ‘इंडिपेंडन्स रॉक’मुळे हे स्थळ देशभरातील रॉक श्रोत्यांचे जणू तीर्थक्षेत्र झाले. ऐन पावसाळ्यात, उघड्या आकाशाखाली, भिजत उभे राहून भारतीय वाद्यवृंद ऐकण्याची सवय एका पिढीला येथे लागली.

मात्र या स्थळाच्या आसपास रुग्णालये आणि शिक्षणसंस्था आहेत. केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषण नियम लागू केले आणि रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर ‘शांतता क्षेत्र’ म्हणून गणला जाऊ लागला. त्यानंतर रंगभवनातील ध्वनिक्षेपक थांबले. ‘इंडिपेंडन्स रॉक’ला इतरत्र जावे लागले, पुढे त्यात दीर्घ खंड पडला आणि २०२२ मध्ये तो मुंबईतच अन्य जागी पुन्हा भरला. मराठी भाषा भवनासाठीही एके काळी रंगभवनाच्या जागेचा विचार झाला होता. ते भवन अखेरीस चर्नी रोड येथे उभारण्याचे ठरले.

या घटनाक्रमात कोणताही एक पक्ष चुकीचा होता असे म्हणता येत नाही. रुग्णालयातील खाटेवर पडलेल्या माणसाचा शांततेचा हक्क निर्विवाद आहे. परंतु शहराच्या मध्यभागी, लोकल गाडीने येता-जाता येईल अशा ठिकाणी, विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल अशा दरात संगीत ऐकण्याची जागा गेली, हेही तितकेच खरे. मोठे कार्यक्रम शहराच्या कडेच्या मैदानांकडे सरकले आणि त्यासोबत तिकिटाचा, प्रवासाचा आणि परतीच्या वेळेचा भारही वाढला. पर्यायी जागेची तजवीज न होता जुनी जागा बंद पडली की तोटा प्रथम नवोदित कलाकाराला आणि कमी पैशांत ऐकणाऱ्या श्रोत्याला होतो.

ध्वनी कसा पोहोचतो

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ‘बीटल्स’चा कार्यक्रम सुमारे ५५ हजार प्रेक्षकांपुढे झाला. त्या काळी ध्वनिव्यवस्था इतकी अपुरी होती की प्रेक्षकांच्या आरोळ्यांपुढे संगीत ऐकूच येत नव्हते. आजची व्यवस्था या अनुभवातून विकसित झाली आहे. मंचाच्या दोन्ही बाजूंना एकाखाली एक टांगलेल्या ध्वनिक्षेपकांच्या वक्राकार रांगा दिसतात. त्यांना ‘लाइन अ‍ॅरे’ म्हणतात. त्या आवाज वर-खाली न सांडता प्रेक्षकांच्या दिशेने लांबवर फेकतात. मंचासमोरच्या जमिनीवर ठेवलेल्या मोठ्या पेट्या मंद्र स्वरांसाठी असतात. छातीत जाणवणारा ठोका त्यांचाच.

विस्तीर्ण मैदानात मधोमध ध्वनिक्षेपकांचे आणखी मनोरे उभारावे लागतात. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर अंतर कापतो, तर तारेतील विद्युत्संकेत जवळपास तत्क्षणी पोहोचतो. मंचापासून १०० मीटरवरच्या मनोऱ्यातून आवाज लगेच सोडला, तर मंचावरून येणारा आवाज सुमारे ०.२९ सेकंदाने मागाहून येईल आणि श्रोत्याला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. म्हणून त्या मनोऱ्याचा आवाज तेवढाच विलंबाने सोडला जातो. प्रेक्षकांच्या मध्यभागी दिसणारी झाकलेली चौकट ही ध्वनिसंयोजकाची जागा. गायकाचा आवाज किती, गिटार किती, ड्रम किती याचा तोल तो तिथून सांभाळतो. साहजिकच, उत्तम ऐकू येणारी जागा मंचाला खेटून नसून या चौकटीच्या आसपास असते. लहान क्लबमध्ये स्थिती वेगळी असते. तिथे गिटारवादकाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आणि ड्रमचा आवाज थेट मंचावरूनच कानावर पडतो. त्यामुळे पहिल्या रांगेत गायक बुडतो आणि मागे तो स्पष्ट ऐकू येतो.

कानाचा हिशेब

डेसिबल हे मापन साध्या बेरजेचे नाही. तीव्रता ३ डेसिबलने वाढली की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि १० डेसिबलने वाढली की दहापट. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सहन करण्यास योग्य मानला जातो. त्यापुढे दर ३ डेसिबलला हा अवधी निम्मा होतो : ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. रॉक कॉन्सर्टमध्ये १०० डेसिबलच्या आसपासची पातळी सामान्य असते आणि कार्यक्रम दोन तासांहून अधिक चालतो. यावरून धोक्याची कल्पना यावी.

अंतर्कर्णातील शंखाकार भागात प्रत्येक कानात सुमारे पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केशपेशी असतात आणि त्या ध्वनिकंपनांचे संदेश मज्जातंतूंकडे पोहोचवतात. अतितीव्र आवाजाने त्या थकतात. कार्यक्रमानंतर कान दडे बसल्यासारखे वाटणे, शिटीसारखा आवाज येत राहणे ही त्याची लक्षणे होत. पुष्कळदा एक-दोन दिवसांत ती ओसरतात. तथापि, वारंवार अशी इजा झाल्यास पेशी नष्ट होतात आणि माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. ‘द हू’चे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी आपल्या श्रवणदोषाविषयी अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. ‘एसी/डीसी’चे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ साली श्रवणशक्ती गमावण्याच्या धोक्यामुळे दौरा अर्धवट सोडावा लागला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मनोरंजन स्थळांसाठी सुरक्षित श्रवणाचे मानक जाहीर केले. त्यानुसार १५ मिनिटांच्या सरासरीने आवाज १०० डेसिबलपेक्षा अधिक नसावा, त्याची नोंद सतत होत राहावी, श्रोत्यांना कानातील बोळे उपलब्ध असावेत आणि विश्रांतीसाठी शांत कक्ष असावा, अशा शिफारशी आहेत. चुकीच्या श्रवणसवयींमुळे जगातील एक अब्जाहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती धोक्यात असल्याचा इशाराही संघटनेने दिला आहे.

उपाय अवघड नाहीत. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे नीट बसवल्यास आवाज पुरेसा कमी होतो. संगीतासाठी खास बनवलेले बोळे सर्व स्वर सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे संगीताचा पोत टिकतो. कापसाच्या बोळ्यांनी मात्र संरक्षण होत नाही. ध्वनिक्षेपकांच्या अगदी समोर उभे न राहणे आणि तासाभराने काही मिनिटे बाहेर जाऊन येणे हेही उपयुक्त ठरते. लहान मुलांना न्यायचेच असेल, तर त्यांना कान पूर्ण झाकणारी संरक्षक साधने घालणे अत्यावश्यक आहे. कार्यक्रमानंतर दोन दिवसांनीही कानात आवाज येत राहिला किंवा ऐकू कमी आले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचाराला लागणारा उशीर महाग पडतो.

गर्दीचे शास्त्र

३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे ‘द हू’च्या कार्यक्रमाआधी ११ जणांचा मृत्यू झाला. आसनक्रमांक नव्हते, आधी येईल त्याला पुढची जागा, अशी पद्धत होती. थंडीत ताटकळलेल्या हजारोंसाठी मोजकीच दारे उघडली गेली. आतून ध्वनिचाचणीचा आवाज आला, कार्यक्रम सुरू झाला असा समज झाला आणि मागचे लोक पुढे रेटू लागले. त्यानंतर त्या शहराने क्रमांकविरहित प्रवेशावर घातलेली बंदी २००४ पर्यंत टिकली. ३० जून २००० रोजी डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात ‘पर्ल जॅम’च्या कार्यक्रमात मंचासमोरच्या दाटीत नऊ तरुण दगावले. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीतील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या खुल्या प्रेक्षागृहात एका संगीत कार्यक्रमापूर्वी पावसामुळे आत शिरण्याची घाई झाली आणि उतरत्या पायऱ्यांवर चार जणांनी प्राण गमावले.

अशा दुर्घटनांना ‘चेंगराचेंगरी’ म्हटले जाते आणि दोष बेभान जमावाला दिला जातो. अभ्यासक मात्र वेगळे चित्र मांडतात. एका चौरस मीटरमध्ये चारपर्यंत माणसे असतील तोवर प्रत्येकाला आपली हालचाल ताब्यात ठेवता येते. ही संख्या सहाच्या आसपास गेली की गर्दी एखाद्या द्रवासारखी वागू लागते. एका टोकाचा धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकाला पोहोचतो. बहुतेक बळी पायदळी तुडवले गेल्याने नव्हे, तर छातीवरच्या दाबामुळे श्वास घेता न आल्याने जातात. मागच्याला पुढची स्थिती दिसत नाही. म्हणून दोष माणसांच्या वृत्तीत शोधण्याऐवजी दारांची संख्या, प्रवेशाची गती, अडथळ्यांची रचना आणि सूचना देण्याची व्यवस्था यांत शोधावा लागतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ साली गर्दी व्यवस्थापनासाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेचा रोखही याच दिशेने आहे.

मंचासमोरचे मजबूत कठडे केवळ कलाकारांच्या संरक्षणासाठी नसतात. कठडा आणि मंच यांच्यामधील मोकळ्या पट्ट्यात उभे असलेले कर्मचारी गुदमरलेल्या प्रेक्षकाला वर उचलून बाहेर काढतात. २८ ऑक्टोबर २०११ रोजी गुरगाव येथे ‘मेटालिका’चा कार्यक्रम मंचासमोरच्या अडथळ्याच्या सुरक्षिततेच्या प्रश्नावरून लांबणीवर पडल्याचे जाहीर झाले. संतप्त प्रेक्षकांनी मंचाची नासधूस केली आणि अखेरीस कार्यक्रम रद्द झाला. दोनच दिवसांनी त्याच वाद्यवृंदाने बंगळुरूत सुरळीतपणे वाजवले. कठड्याविना कार्यक्रम न करण्याचा निर्णय त्या रात्री रोषाला कारण ठरला, तरी रॉस्किल्डचा अनुभव पाहता तो योग्यच म्हणावा लागतो.

प्रेक्षकाने काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. हात छातीपर्यंत आणण्याइतकी जागा उरली नाही, तर पुढे न जाता गर्दीच्या प्रवाहाला तिरके छेद देत कडेला सरकावे. दाब वाढल्यास मुष्टियोद्ध्याप्रमाणे दोन्ही हात छातीसमोर धरून श्वासापुरती जागा राखावी. ओरडण्यात श्वास व शक्ती खर्च करू नये. पडलेली वस्तू उचलण्यासाठी वाकू नये. कोणी खाली पडल्यास भोवतालच्या सर्वांनी थांबून त्याला आधी उभे करावे. श्रोते एकमेकांना ढकलत नाचतात त्या ‘मॉश पिट’मध्येही पडलेल्याला तत्काळ उचलणे हा अलिखित पण कसोशीने पाळला जाणारा नियम आहे.

बंदिस्त जागा आणि आग

लहान सभागृहात गर्दीपेक्षा आगीचा धोका अधिक असतो. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील ‘द स्टेशन’ या नाइटक्लबमध्ये मंचावरील आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतीवरच्या ध्वनिशोषक फोमने पेट घेतला आणि १०० जणांचा बळी गेला. बहुतेकांनी ज्या दाराने ते आत आले त्याच दाराकडे धाव घेतली आणि तिथे कोंडी झाली. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिल आवारातील गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. या दोन्ही घटनांचा धडा एकच आहे : आत शिरताच दुसरे दार कुठे आहे ते पाहून ठेवावे, आणि ते दार कुलूपबंद अथवा सामानाने अडवलेले दिसल्यास व्यवस्थापनाला सांगावे. धूर दिसताच चित्रीकरण करीत न थांबता बाहेर पडावे.

तिकीट आणि परतीचा प्रवास

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘कोल्डप्ले’च्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे विक्रीला येताच संपली आणि अन्य संकेतस्थळांवर कित्येक पट दराने दिसू लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. हा विषय विधिमंडळाच्या व शासनाच्या अखत्यारीतील असल्याचे सांगून न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये त्या जनहित याचिकेत हस्तक्षेप केला नाही. अशा स्थितीत प्रेक्षकाचे संरक्षण मुख्यत्वे त्याच्या सावधगिरीवर अवलंबून राहते. तिकीट केवळ आयोजकांनी जाहीर केलेल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. समाजमाध्यमांवर मिळणारे तिकिटाचे छायाचित्र खरे असले, तरी तोच सांकेतिक चौकोन अनेकांना विकलेला असू शकतो आणि प्रवेश पहिल्यालाच मिळतो. वयोमर्यादा, कार्यक्रम रद्द झाल्यास परताव्याच्या अटी, उभे राहण्याची जागा की आसन, दिव्यांगांसाठी व्यवस्था आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी वाचावे.

परतीचा विचार जातानाच करणे शहाणपणाचे. हजारो माणसे एकाच वेळी बाहेर पडली की मोबाइलचे जाळे कोलमडते आणि टॅक्सीचे दर वाढतात. सोबत्यांशी भेटण्याची जागा आधीच ठरवावी. शेवटची लोकल वा मेट्रो किती वाजता आहे ते पाहावे. प्रकृतीची तक्रार, छेडछाड किंवा अन्य संकट उद्भवल्यास स्वयंसेवक व वैद्यकीय कक्षाशी संपर्क साधावा. देशभरातील आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. मोकळ्या मैदानात पाणी पिण्याकडे होणारे दुर्लक्ष हे भोवळ येण्याचे नेहमीचे कारण असते.

दहाची वेळ

२००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या काळात खुल्या जागेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवप्रसंगी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल अशा मर्यादा आहेत. जाहीर कार्यक्रमाच्या जागेच्या सीमेवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त असता कामा नये. ध्वनिरोधक बंदिस्त सभागृहांना रात्रीच्या वेळेत सूट मिळते. म्हणूनच लहान क्लबमधील कार्यक्रम उशिरापर्यंत चालू शकतात. आयोजकाला पोलीस, अग्निशमन दल आणि स्थानिक प्राधिकरण यांच्या परवानग्यांसोबत गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वहक्काचे शुल्कही भरावे लागते.

मैदानाच्या सीमेवर ७५ डेसिबल आणि मंचासमोर १०० डेसिबल हे गणित जुळवणे ध्वनितंत्रज्ञांच्या दृष्टीने कठीण असले तरी अशक्य नाही. ध्वनिक्षेपकांची दिशा, त्यांची उंची आणि मंद्र स्वरांचे नियंत्रण यांनी बरेच साधते. खरा प्रश्न जागांचा आहे. ध्वनिरोधक, परवडणाऱ्या आणि सार्वजनिक वाहतुकीला लागून असलेल्या मध्यम आकाराच्या सभागृहांची भारतीय शहरांत वानवा आहे. पन्नास हजारांचे मैदान आणि तीनशेंचा क्लब यांच्यामधील पायरी जवळपास नाहीच. नवा वाद्यवृंद क्लबमध्ये वाढतो, पण त्यापुढे जाण्यासाठी त्याला हजार-दोन हजार श्रोत्यांची जागा लागते. शहरांचे विकास आराखडे तयार होतात तेव्हा नाट्यगृहे आणि क्रीडासंकुले यांच्या रांगेत अशा सभागृहांचाही विचार झाला, तर रुग्णाची झोप आणि तरुणांचे संगीत यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ नगरप्रशासनावर वारंवार येणार नाही.